अ‍ॅक्सिलरेटर आणि लेसर भौतिकशास्त्रातली आंतरराष्ट्रीय मास्टर्स पदवी: मुंबईतून अर्ज करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पदवीत नेमकं काय शिकवतात?

यंत्रं शिकवतात. इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉनचा झोत कसा निर्माण करायचा, रेडिओ लहरींनी भरलेल्या पोकळीतून, म्हणजे कॅव्हिटीतून, त्याला ऊर्जा कशी द्यायची, चुंबकांनी तो कसा वळवायचा आणि एकवटायचा, निर्वात नळीत तासन्‌तास कसा टिकवायचा, हा एक भाग. दुसरा भाग लेसरचा: काही फेम्टोसेकंदांचा (एक फेम्टोसेकंद म्हणजे १० चा उणे १५ वा घात सेकंद) स्पंद कसा तयार होतो, तो आरसे न जाळता कसा वाढवतात, आणि त्याची तीव्रता, लांबी, दिशा कशी मोजतात. सोबत निर्वात तंत्रज्ञान, अतिवाहकता, प्लाझ्मा, नियंत्रण प्रणाली, संगणकीय सिम्युलेशन आणि प्रारण सुरक्षा येतेच.

म्हणजे सर्नमध्ये, जिनिव्हाजवळच्या त्या कणभौतिकी प्रयोगशाळेत, नवे कण शोधायला शिकवतात का?

नाही. सर्वात जास्त गैरसमज इथेच होतो आणि अर्जही इथेच फसतात. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटरच्या एलएचसी या सर्नच्या टक्करयंत्रावर दोन वेगळ्या जमाती काम करतात. एक डिटेक्टरमधल्या टकरींचा अभ्यास करते, तो कणभौतिकीचा प्रांत. दुसरी त्या टकरी घडवणारा झोत सांभाळते, ती अ‍ॅक्सिलरेटरवाली. तुम्हाला यंत्रातून बाहेर येणाऱ्या निकालात रस असेल तर कणभौतिकी, पदार्थविज्ञान किंवा संरचनात्मक जीवशास्त्र घ्या. यंत्र आतून कसं चालतं आणि आज का बंद पडलं, यात रस असेल तरच इकडे या. बाकीची सगळी उत्तरं हा फरक मनाशी पक्का आहे असं धरून दिली आहेत.

अ‍ॅक्सिलरेटर आणि लेसर एकाच पदवीत का?

दोन्ही क्षेत्रं आता एकमेकांत शिरली आहेत. आजच्या अनेक अ‍ॅक्सिलरेटरमध्ये पहिला इलेक्ट्रॉनच लेसरने सुटतो: अतिनील लेसरचा स्पंद फोटोकॅथोडवर पडतो आणि इलेक्ट्रॉनांचा पुंजका बाहेर येतो. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरमध्ये उलटं घडतं, तिथे अ‍ॅक्सिलरेटरचा झोतच लेसरप्रकाश निर्माण करतो. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या अशाच लेसरची लांबी ३.४ किलोमीटर आहे आणि त्यातले इलेक्ट्रॉन १७.५ जीईव्हीपर्यंत (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) जातात.

तिसरा सांधा सर्वात चर्चेतला. लेसरने प्लाझ्मात लाट उठवायची आणि त्या लाटेवर इलेक्ट्रॉन स्वार करायचे. ताजिमा आणि डॉसन यांनी ही कल्पना १९७९ मध्ये मांडली. धातूच्या कॅव्हिटीत दर मीटरला काही दहा मेगाव्होल्ट मिळतात, त्यापुढे ठिणग्या पडतात. प्लाझ्मात अणू आधीच इलेक्ट्रॉन आणि आयनांत फुटलेले असतात, त्यामुळे तिथे दर मीटरला दहा ते शंभर गिगाव्होल्टचं क्षेत्र मिळतं. २०१९ मध्ये बर्कलीच्या बेला लेसरने २० सेंटिमीटरमध्ये ७.८ जीईव्ही गाठून दाखवले. पण ऊर्जेचा फैलाव, स्थिरता आणि सेकंदाला किती स्पंद मिळतात, यांत नेहमीचे अ‍ॅक्सिलरेटर अजून बरेच पुढे आहेत. ‘टेबलावरचा सर्न’ अशा मथळ्यांवर विसंबून करिअर ठरवू नका.

असा अभ्यासक्रम कुठे आहे?

नावाप्रमाणे दोन्ही विषय एकत्र देणारा, इंग्रजीतून शिकवला जाणारा ठळक अभ्यासक्रम म्हणजे लास्काला. तो युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस योजनेतला संयुक्त मास्टर्स आहे. पॅरिस-साक्ले, रोमचं सापिएन्झा, स्वीडनमधलं लुंड आणि हंगेरीतलं सेगेड अशी चार विद्यापीठं त्यात आहेत. अवधी दोन वर्षं, एकूण १२० युरोपीय क्रेडिट.

विद्यापीठांची ही निवड सहज झालेली नाही, प्रत्येकाच्या शेजारी मोठं यंत्र आहे. लुंडमध्ये मॅक्स-४, ५२८ मीटर परिघाचं ३ जीईव्हीचं इलेक्ट्रॉन साठवण वलय, २०१६ पासून सुरू. त्याच्याच बाजूला ईएसएस हा न्यूट्रॉन स्रोत उभा राहतोय. साक्ले पठारावर सोलेल हे तसंच साठवण वलय, आणि खाली ऑर्सेला जुनी प्रयोगशाळा. रोमजवळ फ्रास्काती, जिथे १९६१ मध्ये ब्रुनो टाउशेक यांच्या कल्पनेतून आडा हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टक्करयंत्रांतला पहिला नमुना उभा राहिला. तो पुढच्याच वर्षी ऑर्सेला नेला, कारण तिथे जास्त चांगला इलेक्ट्रॉन स्रोत होता. सेगेडमध्ये एली-आल्प्स हे अ‍ॅटोसेकंद स्पंदांचं केंद्र आहे, म्हणजे फेम्टोसेकंदाच्याही हजाराव्या भागाच्या मापातले स्पंद.

याशिवाय युरोपातल्या अनेक विद्यापीठांत साध्या भौतिकशास्त्राच्या मास्टर्समध्ये अ‍ॅक्सिलरेटरचे विषय घेता येतात, आणि जिनिव्हाजवळ आर्शांला जुआस नावाची हिवाळी शाळा भरते. संयुक्त पदवी मिळाली नाही म्हणून दार बंद झालं असं होत नाही.

मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. चालते का?

युरोपातली बॅचलर पदवी बहुधा १८० क्रेडिटची, म्हणजे तीन वर्षांचीच असते. बारावीनंतरची तीन वर्षांची बी.एस्सी. फ्रान्स, इटली, स्वीडनमध्ये सर्वसाधारणपणे धरली जाते. अमेरिकेचं चार वर्षांचं गणित इथे लावू नका. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष केलंत तर फायदा आहे, पण तो प्रकल्पाचा, पात्रतेचा नव्हे. एम.एस्सी. झालेल्यांनीही अर्ज करायला हरकत नाही.

बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल असेल तर?

चालू शकतं, आणि आरएफच्या, म्हणजे कॅव्हिटीला रेडिओ लहरी पुरवण्याच्या, बाजूला असे विद्यार्थी चमकतातही. अडचण येते ती क्वांटम मेकॅनिक्स आणि सांख्यिकीय भौतिकशास्त्राची. गुणपत्रिकेत हे विषय नसतील तर एनपीटेलचा परीक्षेसहित कोर्स करून प्रमाणपत्र जोडा. मेकॅनिकलवाल्यांनी आधी विद्युतचुंबकत्वाचा एक पूर्ण अभ्यासक्रम करावा, एरवी पहिल्या सत्रातच दमछाक होते.

कोणते विषय पक्के हवेत? आणि ते पक्के आहेत हे कसं ओळखायचं?

मॅक्सवेलची समीकरणं, विशेष सापेक्षता, हॅमिल्टनियन यांत्रिकी, तरंग प्रकाशशास्त्र आणि फूरिए. यादी छोटी आहे, पण पोपटपंची करून भागत नाही. स्वतःची परीक्षा घ्यायची तर इंदूरच्या आरआरकॅट या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेतलं इंडस-२ हे वलय घ्या. इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ जीईव्ही, परीघ सुमारे १७२.५ मीटर, वळवणाऱ्या चुंबकांचं क्षेत्र सुमारे १.५ टेस्ला. या तीन आकड्यांवरून कागदावर किती सांगता येतं ते बघा.

जीईव्हीमधल्या संवेगाला ३.३३६ ने गुणलं की चुंबकीय क्षेत्र आणि त्रिज्येचा गुणाकार मिळतो. इथे तो ८.३४ टेस्ला-मीटर येतो. १.५ ने भागा, वळणाची त्रिज्या ५.५६ मीटर. पण १७२.५ मीटर परिघाच्या वर्तुळाची त्रिज्या तर साडेसत्तावीस मीटर! विसंगती नाही: झोत फक्त चुंबकांतच वळतो, आणि ती लांबी सगळी मिळून ३५ मीटरच भरते. उरलेले चार पंचमांश सरळ तुकडे आहेत, तिथे क्वाड्रुपोल आणि सेक्स्टुपोल (झोत एकवटणारे आणि त्यातले दोष सुधारणारे चुंबक), कॅव्हिटी आणि पंप बसतात.

पुढे, वळताना इलेक्ट्रॉन सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतो. एका फेरीतला तोटा किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायला ऊर्जेचा चौथा घात घ्या, ८८.५ ने गुणा, त्रिज्येने भागा. सुमारे ६२० येतात. वलयात १०० मिलिअँपिअर प्रवाह असेल तर ही शक्ती ६२ किलोवॉट झाली. एवढी भरपाई आरएफने सतत करायची, आणि तेवढीच उष्णता नळीच्या भिंतींवरून थंड पाण्याने काढून न्यायची. आता आरएफची वारंवारता: प्रकाशवेगाने सेकंदाला सुमारे १७.४ लाख फेऱ्या होतात. इंडस-२ ची वारंवारता ५०५.८ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे फेऱ्यांच्या २९१ पट. वलयात पुंजक्यांसाठी २९१ जागा आहेत त्या यामुळे.

हे सगळं तासाभरात, पुस्तक न उघडता, का कसं ते सांगत मांडता आलं तर पाया ठीक आहे. आकडे जमले पण ‘चौथा घात कुठून आला’ इथे अडलात तर सापेक्षतेतलं प्रारण पुन्हा वाचा. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

मुंबईत राहून अनुभव कुठे मिळेल?

खरं तर मुंबईएवढी सोय देशात फार थोड्या शहरांत आहे, पण दिव्याखाली अंधार तसं होतं. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये १४ मेगाव्होल्टचा पेलेट्रॉन हा स्थिरविद्युत अ‍ॅक्सिलरेटर १९८८ पासून आहे. त्याच्या पुढे शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या कॅव्हिटींचा अतिवाहक लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला अ‍ॅक्सिलरेटर, जोडलेला आहे. त्याच संस्थेत अतितीव्र लेसर आणि प्लाझ्मावर काम चालतं. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) बीएआरसीत लेहिपा हा २० एमईव्हीचा प्रोटॉन लिनॅक आहे. पवईला आयआयटीच्या आवारातली समीर ही संस्था कर्करोग उपचाराचे लिनॅक बनवते. खारघरला इलेक्ट्रॉन बीम सेंटर आणि अ‍ॅक्ट्रेकचं प्रोटॉन उपचार केंद्र. मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात सीईबीएस ही मूलभूत विज्ञानांची संस्था.

आत शिरायचे मार्ग: बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांत मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा नियस उपक्रम, नंतर टीआयएफआरचा उन्हाळी व्हीएसआरपी. अणुऊर्जा खात्याच्या संस्थांत प्रकल्प करायचा तर कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि सुरक्षा तपासणी लागते. गेटपासला वेळ लागतो, म्हणून उन्हाळ्याचा प्रकल्प हवा असेल तर दिवाळीनंतर लगेच पत्रव्यवहार सुरू करा. मोबाइल, पेन ड्राइव्ह आत नेता येणार नाहीत असं धरूनच नोंदी ठेवा, आणि अहवाल बाहेर नेण्यापूर्वी मार्गदर्शकाची लेखी परवानगी घ्या.

यातलं काहीच जमलं नाही तर घरच्या लॅपटॉपवर मॅड-एक्स हा झोताचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम उतरवा, फुकट आहे. एक फोडो सेल मांडा, म्हणजे एकवटणारा आणि पसरवणारा क्वाड्रुपोल आलटून पालटून. सेलची लांबी ४ मीटर, एका सेलमधली झोताच्या दोलनाची कला-वाढ (फेज) ९० अंश ठेवायची तर पातळ भिंगाच्या हिशोबाने नाभीय अंतर १.४१ मीटर येतं. ते १ मीटरच्या खाली नेलंत की झोत अस्थिर होतो. प्रोग्रामही तेच सांगतो का, ते पाहा. अर्जात ‘मला अ‍ॅक्सिलरेटरची आवड आहे’ या वाक्यापेक्षा अशा दोन पानी कामाला जास्त वजन असतं.

कागदपत्रांत कुठे अडतं?

बहुतेकांचं घोडं नावापाशी पेंड खातं. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव येतं. पासपोर्टवर नाव आणि आडनावाचे रकाने वेगळे, आईचं नाव त्यात नसतं, आणि काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. परदेशी पोर्टल हे चार शब्द बघून चौघं माणसं समजतं. उपाय असा: सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, आणि ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र पहिल्या दिवसापासून जोडा. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या. व्हिसाच्या वेळी ते करणं महागात पडतं.

दुसरी अडचण ट्रान्स्क्रिप्टची. विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट कलिन्याच्या परीक्षा विभागातून येतं. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर सत्रवार गुणपत्रिका कॉलेज देतं आणि पदवी विद्यापीठ, त्यामुळे दोन ठिकाणी खेटे घालावे लागतात. एखाद्या विषयात केटी लागून नंतर सुटली असेल तर जुनी आणि नवी दोन्ही गुणपत्रिका ठेवा. श्रेणींचं कोष्टक, म्हणजे दहापैकी किती गुण म्हणजे कोणती श्रेणी, ते पानही स्कॅन करा. ते नसेल तर निवड समिती ७.८ चा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावते.

अभ्यासक्रमाचा तपशील, म्हणजे प्रत्येक पेपरात कोणते घटक होते, तो एका पीडीएफमध्ये करून ठेवा. ‘फिजिक्स पेपर ३’ या नावावरून परदेशातल्या प्राध्यापकाला काही कळत नाही.

मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. अपोस्टिलचा शिक्का (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मारतात तो) मूळ कागदावर लागतो आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद परत पाठवतात. क्रम असा: विद्यापीठाची पडताळणी, राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. प्रत्येक देशाला ते लागतंच असं नाही. इटलीसाठी पदवीचं मूल्यांकन वेगळं मागतात. निवड होईपर्यंत यावर पैसे खर्च करू नका, पण प्रमाणपत्रं हाताशी ठेवा.

वेळापत्रक कसं धरायचं?

वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. इरॅस्मस मुंडुसचे अर्ज साधारणपणे आदल्या वर्षीच्या शरदापासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतात. म्हणजे टी. वाय.च्या पाचव्या सत्रातच सगळं हातात हवं: पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं. सहाव्या सत्राचा निकाल आणि पदवी नंतर देता येते, पण निकाल लांबला तर प्रवेश अडकतो. अशा वेळी कॉलेजकडून ‘सर्व परीक्षा दिल्या आहेत, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित’ असं पत्र घ्या आणि निकाल येताच तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मागवा. दीक्षान्त समारंभाची वाट बघू नका.

शिफारसपत्र कोणाचं घ्यावं?

ज्यांनी तुमचं काम पाहिलंय त्यांचं. विभागप्रमुखांनी ‘विद्यार्थी नियमित व नम्र आहे’ असं लिहिलेलं पत्र निरुपयोगी ठरतं, मग पद कितीही मोठं असो. प्रयोगशाळेत तुमच्याकडून इंटरफेरोमीटर जुळवून घेतलेल्या मॅडमनी ‘फ्रिंज का हलतात ते हिने स्वतः शोधून काढलं’ एवढं लिहिलं तरी पत्र उभं राहतं. सरांना किमान महिनाभर आधी सांगा, सोबत प्रकल्पाचा अहवाल द्या. पोर्टलकडून येणारा मेल बहुतेकदा स्पॅममध्ये जातो, तो तपासायची आठवणही करा.

आणि उद्देशपत्रात काय लिहायचं?

लहानपणी आकाशात तारे पाहिले हे सोडून काहीही. कोणतं उपकरण हाताळलं, काय मोजलं, किती चूक राहिली, ती कशाची होती. शेवटी या चार ठिकाणांपैकी कुठल्या यंत्रावर कशासाठी काम करायचंय ते. एक पान पुरतं.

पैशाचं काय?

इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती महिना १,४०० युरोची, जास्तीत जास्त २४ महिने. ती मिळाली की शिकवणी शुल्क लागत नाही. पण विमान, व्हिसा, घर लावणं, खाणंपिणं हे सगळं त्या रकमेतूनच करायचं असतं, प्रवासाचे वेगळे पैसे नाहीत. ही शिष्यवृत्ती एकदा घेतली की दुसऱ्या इरॅस्मस मुंडुस मास्टर्ससाठी पुन्हा मिळत नाही, म्हणून ‘आत्ता हे घेऊ, पुढच्या वर्षी बदलू’ असं चालत नाही.

पहिला हप्ता तिथे बँक खातं उघडल्यावरच येतो. घराची अनामत, पहिलं भाडं आणि महिना-दीड महिन्याचा खर्च एवढी तजवीज घरूनच करा. दर सत्राला देश बदलला तर अनामतही पुन्हा भरावी लागते आणि जुनी परत यायला वेळ जातो. सगळ्यांचा हिशोब इथेच कोलमडतो.

शिष्यवृत्तीशिवाय जागा मिळाली तर जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती (१८९२ पासून सुरू), के. सी. महिंद्रा शिष्यवृत्ती, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा. शेवटच्या योजनेत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. संयुक्त पदवीत चार विद्यापीठं असल्याने नेमकं कोणतं धरणार हे समाजकल्याण विभागाकडून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर राहू नका.

एका व्हिसावर सगळे देश फिरता येतात का?

ज्या देशात पहिलं सत्र, त्याचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आधी. फ्रान्सचा असेल तर पोचल्यापासून तीन महिन्यांत तो ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. विसरलात तर ख्रिसमसला बाहेर पडून परत येताना पंचाईत. इटलीत पोचल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टातून परवान्याचा अर्ज भरायचा असतो. दुसऱ्या देशात जाताना नवा परवाना लागेल की नुसती सूचना पुरेल, हे देशागणिक बदलतं. विद्यापीठाच्या समन्वयकाला सत्र संपायच्या तीन-चार महिने आधी विचारा.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय करायला लावतात, आणि काय बिघडतं?

आधी निर्वात. साठवण वलयात १० चा उणे ९ वा घात मिलिबार इतका कमी दाब लागतो, नाहीतर उरलेल्या वायूवर आपटून झोत मिनिटांत संपतो. सुरुवात साध्या सीएफ-४० फ्लँजपासून, म्हणजे निर्वात नळ्यांच्या सांध्यापासून होते: सहा बोल्ट, मधे तांब्याची चकती, दोन्ही बाजूंना धारदार कडा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत आवळायचे. एकच बाजू आधी करकचून आवळली की चकती तिरकी बसते आणि गळते. चकती एकदाच वापरायची, हातमोजे घालायचे, कारण बोटाच्या ठशातलं तेलसुद्धा आठवडाभर वायू सोडत राहतं. गळती शोधायला बाहेरून हेलियम फवारतात, तो वरून खाली. खालून सुरू केलंत तर हलका हेलियम वर जातो आणि वरच्या सांध्याची गळती तुम्हाला खालच्या सांध्यात असल्यासारखी वाटते. एका चुकीच्या जागी दोन तास गेले की हे कायमचं लक्षात राहतं.

आरएफच्या बाजूला घाई नडते. नव्या कॅव्हिटीला पूर्ण शक्ती एकदम देत नाहीत. हळूहळू वाढवत, दाब उसळला की थांबत, तिला ‘कंडिशन’ करतात. घाई केली तर ठिणग्यांनी पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि मग त्या पातळीला ती पुन्हा नीट टिकतच नाही. अतिवाहक निओबियम कॅव्हिटी आणखी नाजूक: बहुधा २ केल्विनला चालतात, आणि आत धुळीचा एक कण राहिला तरी तिथून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. म्हणून त्या स्वच्छ खोलीत अतिशुद्ध पाण्याच्या शंभर बारच्या फवाऱ्याने धुतात.

लेसरच्या टेबलावर पहिला धडा विक्षेपणाचा: काचेत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने जातात, म्हणून स्पंद पसरतो. ८०० नॅनोमीटरचा ३० फेम्टोसेकंदांचा स्पंद घ्या. त्याच्या वर्णपटाची रुंदी ३१ नॅनोमीटरच्या आसपास असते. वाटेत फक्त १० मिलिमीटर जाडीची फ्यूज्ड सिलिकाची काच आली, तर तो ४५ फेम्टोसेकंदांचा होतो आणि शिखरशक्ती एक तृतीयांशाने घटते. काच नितळ दिसते, पॉवर मीटरवर काही फरक नाही, तरी प्रयोग चालत नाही. खिडकी, भिंग, पोलरायझर यांची एकूण जाडी मोजायची सवय इथे लागते.

हाच दोष मुद्दाम मोठ्या प्रमाणावर वापरणं म्हणजे सीपीए: स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग परत दाबायचा. स्ट्रिकलंड आणि मुरू यांची १९८५ ची ही पद्धत, २०१८ चं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. लुंडच्या आन लुइये यांना अ‍ॅटोसेकंद स्पंदांसाठी २०२३ मध्ये आगोस्तिनी आणि क्राउस यांच्यासह मिळालं. त्या त्याच लुंडच्या विभागातल्या.

डोळ्यांना आणि अंगाला धोका किती?

आईवडिलांना किरणोत्साराची भीती वाटते, पण विद्यार्थ्याला जास्त धोका लेसरचा असतो. ८०० नॅनोमीटरचा झोत डोळ्याला जेमतेम तांबूस ठिपका दिसतो, म्हणून तो मंद असेल असं वाटतं. प्रत्यक्षात डोळ्याला त्याचा बहुतेक भाग दिसतच नाही. त्याला ऊर्जा पुरवणारा पंपाचा लेसर ५३२ नॅनोमीटरचा, हिरवा. गॉगल दोन्ही तरंगलांब्यांना अडवतो का, ते त्यावर छापलेल्या आकड्यांवरून तपासा. फक्त एकासाठीचा गॉगल घालून निर्धास्त राहणं ही नेहमीची चूक. घड्याळ, बांगड्या, अंगठ्या काढायच्या. खाली पडलेला स्क्रू उचलताना डोळे झोताच्या उंचीवरून खाली जातात, तेव्हा आधी झोत अडवायचा किंवा डोळे मिटून पाठ फिरवून वाकायचं.

अ‍ॅक्सिलरेटरचं प्रारण मशीन बंद केलं की थांबतं, काही भागांत थोडी किरणोत्सारिता उरते. दारांना इंटरलॉक असतात, म्हणजे दार उघडलं की झोत बंद. कामगारांसाठी युरोपात वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. भारतात पाच वर्षांची सरासरी २० आणि कोणत्याही एका वर्षात ३०. छातीवर डोसिमीटर असतो, आपल्याकडच्या टीएलडी बिल्ल्यासारखाच. तो बॅगेत टाकून विमानतळावरच्या एक्स-रेतून नेऊ नका, आकडा उगाच चढतो आणि खुलासे द्यावे लागतात.

फ्रेंच, इटालियन यायला हवं का?

वर्गात नाही. घरमालक, दवाखाना आणि प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ यांच्याशी बोलायला हवं. नळी कशी कापायची हे तंत्रज्ञाकडूनच कळतं आणि तो इंग्रजी बोलेलच असं नाही.

प्रबंधाच्या इंटर्नशिपला कधीपासून लागायचं?

चौथं सत्र पूर्ण प्रकल्पाचं असतं, त्यासाठी तिसऱ्याच्या सुरुवातीलाच. फ्रान्समधल्या अनेक प्रयोगशाळा प्रतिबंधित क्षेत्रात मोडतात. तिथे पाऊल टाकण्यापूर्वी सरकारी तपासणी होते आणि तिला दोनेक महिने लागू शकतात. फाइल अपुरी असली तर पुन्हा पहिल्यापासून. मार्गदर्शकाने होकार दिला की त्याच आठवड्यात पासपोर्ट, सीव्ही आणि प्रकल्पाचा गोषवारा पाठवा. बीएआरसी किंवा कल्पाक्कमच्या आयजीकारसारख्या अणुसंशोधनाच्या ठिकाणी काम केलं असेल तर सीव्हीत ते स्पष्ट लिहा, लपवल्यास जास्त शंका येते.

पुढे नोकरी कुठे मिळते?

बरेच जण पीएच.डी.ला जातात, आणि युरोपात ती बहुतेकदा पगारी नोकरी असते. बाकीच्यांसाठी क्लिस्ट्रॉन (आरएफ शक्ती देणाऱ्या नळ्या), चुंबक, निर्वात आणि लेसर बनवणाऱ्या कंपन्या, प्रोटॉन उपचाराची यंत्रं, चिप उद्योग. जगात तीस हजारांहून जास्त अ‍ॅक्सिलरेटर आहेत आणि त्यातले बहुतेक दवाखान्यांत आणि कारखान्यांत आहेत, संशोधनात मोजकेच. भारताचा सर्नशी २०१७ पासून सहयोगी सदस्य म्हणून करार आहे, त्यामुळे तिथल्या काही संधी आपल्याला खुल्या होतात.

एका गोष्टीत मात्र फसू नका. या पदवीवर भारतातल्या रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट होता येत नाही. त्यासाठी एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाने मान्य केलेली पात्रता लागते: रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा किंवा त्या तोडीची पदवी, आणि वर रुग्णालयातली इंटर्नशिप. टाटा रुग्णालयात लिनॅकवर काम करायचं स्वप्न असेल तर सरळ अणुशक्तीनगरचा, म्हणजे बीएआरसीच्या त्या डिप्लोमाचा रस्ता धरा.

निवड झाली नाही तर वर्ष वाया जातं का?

एम.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवा, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. सीईबीएस, कलिना किंवा आयआयटीतून एम.एस्सी. करताना टीआयएफआरमध्ये प्रकल्प करता येतो, नंतर अणुऊर्जा खात्याच्या प्रशिक्षण शाळेतून इंदूर किंवा तुर्भ्याला जाता येतं. तिथे शिकत असताना पगारासारखं विद्यावेतन मिळतं आणि इंडस-२ वर पहिल्याच वर्षी हात लागू शकतो. पुन्हा अर्ज करायचा तर नुसते गुण नव्हे, एखादं नवं मोजमाप किंवा सिम्युलेशन जोडा, आणि जुन्या शिफारसपत्राची तारीख बदलून पाठवू नका. पोर्टलवर आधीचं पत्र दिसतं.